जन्मवेळेचा हिशेब : चांदूर बाजारच्या निमित्तानें

जुन्या घरांतून सांपडणारी जन्मपत्रिका उलगडून पाहिली, तर तींत प्रथम गणपतीस वंदन, मग शक, संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार अशी भारदस्त रांग लागलेली असते. वाचणाऱ्याचें लक्ष पुढल्या ग्रहांच्या कुंडलीकडे आणि तिच्याखालच्या फलांकडे धांवतें. आयुष्य किती, विद्या कशी, संसार कसा, हें पाहण्याची त्याला घाई असते. मधली एक ओळ कोणी फारशी वाचीत नाहीं. सूर्योदयापासून गेलेल्या घटी इतक्या, पळें इतकीं, एवढीच ती असते. जोशी तिला इष्टकाल म्हणतात. वस्तुतः पत्रिकेचा सारा डोलारा या एका ओळीवर उभा आहे. तिथि आणि वार त्या दिवशीं जन्मलेल्या हजारों मुलांस सारखेच. चंद्राचें नक्षत्रहि बहुधा सारखेंच. एका मुलास दुसऱ्यापासून वेगळें करणारें काय तें लग्न, म्हणजे जन्मसमयीं पूर्व क्षितिजावर उगवणारी राशि. आणि तें ठरतें या घटीपळांवरून.

फलज्योतिष खरें कीं खोटें, हा वाद आपल्या मासिकांतून पुष्कळदां होऊन गेला आहे. आम्हांस येथें त्याहून लहान, पण आमच्या मतें अधिक उपयोगी असा प्रश्न विचारावयाचा आहे. ही घटी आणि हें पळ मोजलें कोणीं व कशानें? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर गेल्या दीडशें वर्षांत चार वेळां बदललें आहे. आकाश बदललें नाहीं. आकाशाकडे पाहण्याचें घड्याळ बदललें.

उदाहरणादाखल अमरावती जिल्ह्यांतील चांदूर बाजार हें तालुक्याचें गांव घेऊं. अचलपूर तेथून जवळच. मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतला, कपाशीचा आणि संत्र्यांचा. गांवाचे अक्षांश सुमारें २१ अंश १४ कला व रेखांश ७७ अंश ४५ कला. जुन्या जोश्यास हे आंकडे या रूपांत ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याचीं मापें निराळीं होतीं. दिवस व रात्र सारखीं असतात त्या विषुवदिनीं, ऐन मध्यान्हीं, बारा अंगुळांचा शंकु उन्हांत उभा केला म्हणजे जी छाया पडते तिला पलभा म्हणतात. चांदूर बाजारची पलभा हिशेबानें चार अंगुळें व चाळीस व्यंगुळें येते. गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, ग्रहलाघव रचलें; त्यांतील रीतीप्रमाणें या पलभेस दहांनीं, आठांनीं व दहांच्या तृतीयांशानें गुणलें कीं चरखंडें हातीं येतात. त्यांची बेरीज होते ९९ पळें. म्हणजे या गांवचा वर्षांतील सर्वांत मोठा दिवस ३३ घटी १८ पळांचा. घड्याळाच्या भाषेंत तेरा तास एकोणीस मिनिटांचा. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा ही आपल्या ज्योतिषांची जुनी मूळ रेषा. तिच्यापासून गांव सुमारें दोन अंश पूर्वेस आहे, आणि अंशास दहा पळें या प्रमाणानें त्याचें देशांतर वीस पळें होतें. एक काठी, तिची सावली आणि थोडे गुणाकार एवढ्या भांडवलावर गांवचा सूर्योदय गांवांतच ठरत असे. त्याला कोणा दूरच्या शहराचें साक्षीपत्र लागत नव्हतें.

सूर्योदय ठरला, पण त्यानंतरचा काळ मोजावयाचा कसा? त्यासाठीं घटिकापात्र. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला बारीक भोंक. पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ती सोडली कीं भरत भरत जाऊन बुडते. ती बुडली म्हणजे एक घटी झाली, आजचीं चोवीस मिनिटें. लग्नघरांत अंतरपाटाशेजारीं हें पात्र पूजून ठेवण्याची चाल पुष्कळांनीं पाहिली असेल, निदान ऐकली असेल. आपली काळाची सारी भाषाच भांड्यांतून आली आहे. घटिका म्हणजे लहान घट. पळ हें मुळांत वजनाचें माप. आणि तास हा शब्दहि ज्यावर टोला देत त्या काशाच्या थाळीवरून आला. कोणाची घटका भरली असें आपण म्हणतों, तेव्हां ती वाटीच बुडालेली असते, हें आतां कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

मात्र घटिकापात्र घरोघरीं नव्हतें. बलुतेदारांमध्यें जोश्याचें स्थान होतें, पण मध्यरात्रीं बाळंतपण झालें तर तो कांहीं वाटी घेऊन ओसरीवर बसलेला नसे. दिवसां सावली पाहावी, रात्रीं नक्षत्र माथ्यावर किती आलें तें पाहावें, आणि सुईणीची हाक केव्हां ऐकूं आली हें घरच्यांनीं सांगावें, यावर हिशेब चाले. त्यांतहि जन्माचा क्षण कोणता धरावा? डोकें दिसलें तो, मूल भुईला लागलें तो, कीं नाळ कापली तो? या प्रश्नावर शास्त्रकारांचें एकमत नव्हतें. पत्रिकेंतल्या पळांपर्यंतच्या सूक्ष्म आंकड्यामागें किती ठोकळ निरीक्षण असूं शकतें, हें येथें लक्षांत येईल.

पण वऱ्हाडची गोष्ट गांवजोश्यापाशीं संपत नाहीं. जातकाच्या शास्त्रांत या भागानें एक नामांकित घराणें दिलें आहे, आणि ज्यांना शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास चाळण्याचें भाग्य लाभलें आहे, त्यांना तें ठाऊक असेलच. विदर्भांत पयोष्णीच्या तीरीं एलिचपुराच्या प्रदेशांत दधिग्राम म्हणून गांव होता; पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा असें पुष्कळांचें मत आहे. त्या दधिग्रामचें हें कूळ. त्यांतील बल्लाळ काशीस जाऊन राहिला. त्याच्या मुलांपैकीं रंगनाथानें सूर्यसिद्धान्तावर गूढार्थप्रकाशिका ही टीका १६०३ सालीं पुरी केली. त्याच वर्षीं त्याला मुनीश्वर हा मुलगा झाला, आणि पुढें तोहि सिद्धान्तसार्वभौम लिहून बापाच्या तोडीचा ठरला. रंगनाथाचा भाऊ कृष्ण दैवज्ञ. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर त्यानें लिहिलेली टीका आजहि गणिताचे अभ्यासक आदरानें वाचतात, कारण ऋण संख्या म्हणजे काय आणि चिन्हांचे नियम तसेच कां, हें पटवून देण्याचा प्रयत्न तींत आहे.

या कृष्णाला जहांगीर बादशहाच्या दरबारीं मान होता. श्रीपतीच्या जातकपद्धतीवर त्यानें सोदाहरण टीका लिहिली, आणि उदाहरण म्हणून पत्रिका घेतली ती अब्दुर्रहीम खानखानान याची. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याचा जन्म १५५६ च्या डिसेंबरांत लाहोरास झाला. चांद बिबीशीं झालेल्या १५९६ च्या तहानें वऱ्हाड मोंगलांच्या हातीं गेला, आणि त्या दक्षिणच्या मोहिमांत हा खानखानान प्रमुख सरदार होता. म्हणजे ज्याच्या सैन्यानें वऱ्हाड घेतला, त्याच्या जन्माच्या घटी वऱ्हाडांतून काशीस गेलेल्या घराण्यांतला ब्राह्मण शिष्यांना शिकविण्यासाठीं मांडीत होता! आम्हांस हा योग कोणत्याहि ग्रहयोगाहून अधिक नवलाचा वाटतो. शिवाय त्यांत एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. लाहोरची पलभा आजच्या हिशेबानें सात अंगुळांहूनहि अधिक भरते, पूर्णाकांठची पावणेपांचांच्या आंत. सर्वांत मोठा दिवस लाहोरास चौदा तासांचा, एलिचपुराकडे सव्वातेरांचा. जन्माचें गांव बदललें कीं सारी मांडणी मुळापासून बदलते. पत्रिका माणसाची असते, तितकीच ती जागेचीहि असते.

त्याच काळांतील दुसरी एक पत्रिका याहून बोलकी आहे. अकबराचा जन्म १५४२ सालीं अमरकोटास झाला. अबुल फझलनें अकबरनाम्यांत त्याची एक नव्हे, अनेक पत्रिका दिल्या आहेत. हुमायूनाच्या पदरच्या मौलाना चांदनें यवनी कोष्टकांवरून मांडलेल्या कुंडलींत लग्न कन्या. हिंदु ज्योतिष्यानें मांडलेल्या कुंडलींत सिंह. जन्म एक, क्षण एक, आणि बादशहाच्या लग्नीं राशि दोन! अबुल फझल हा चतुर दरबारी असल्यामुळें त्यानें दोन्ही कुंडल्यांतून सारखेंच ऐश्वर्य काढून दाखविलें, हा भाग निराळा. त्यानें आणखी एक हकीकत नोंदली आहे. प्रसूतीची घटका जवळ आली तेव्हां मौलाना चांद दाराशीं अस्वस्थ होऊन उभा होता. हा क्षण शुभ नाहीं, थोडा उशीर झाला तर हजार वर्षांत न येणारा योग साधेल, असें तो म्हणत होता. आणि प्रसूति कांहीं वेळ लांबलीहि. जन्मवेळ पाहून भविष्य सांगावयाचें, कीं भविष्य पाहून जन्मवेळ ठरवावयाची, हा प्रश्न इतका जुना आहे.

आतां पुन्हा वऱ्हाडांत येऊं. गांवच्या सूर्योदयाला पहिला धक्का बसला तो परकी राज्याचा नव्हे, छापखान्याचा. १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर मराठी पंचांग काढलें. पंचांग स्वस्त झालें, घरोघरीं गेलें, आणि हाताने लिहिलेल्या पंचांगाची गरज हळूहळू उरली नाहीं. पण छापील पंचांगांतील घटीपळें छापणाऱ्या गांवच्या सूर्योदयापासूनचीं असतात. मुंबई चांदूर बाजारच्या पश्चिमेस जवळजवळ पांच अंश. म्हणजे नुसत्या देशांतराचा फरक ४९ पळें, घड्याळाचीं वीस मिनिटें. पंचांग पुण्याचें असेल तर ३९ पळें. जाणता जोशी ही दुरुस्ती करून घेई. न जाणता छापील आंकडा जसाच्या तसा उतरून घेई, आणि यजमानास दोन्ही सारखेच दिसत.

दुसरा धक्का आगगाडीचा. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत दिला, आणि १८६७ त मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोंचला. आगगाडीला गांवोगांवचा सूर्योदय चालत नाहीं. तिला सर्व स्टेशनांवर एकच वेळ लागते. हिंदुस्थानांतील रेल्वेनें सुमारें १८७० पासून मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली. येथें वऱ्हाडच्या भूगोलानें एक मौज करून ठेवली आहे. अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं तालुक्याचीं गांवें दोन. एक या लोहमार्गावरचें, म्हणून चांदूर रेल्वे. दुसरें आपलें चांदूर बाजार. दोहोंत अंतर पन्नासेक किलोमीटरांचें, आणि सूर्योदयांत देशांतराचा फरक जेमतेम एका मिनिटाचा. पण एका चांदुरास स्टेशनवरचें घड्याळ मद्रासची वेळ सांगूं लागलें, सूर्याच्या नऊ मिनिटें पुढें; दुसऱ्या चांदुरास बाजाराचा दिवस सूर्य पाहूनच चालला. खुद्द चांदूर बाजारास आगगाडी यावयाला एकविसावें शतक उजाडावें लागलें. तोंवर स्टेशनची वेळ कचेरींतून, शाळेंतून, तारऑफिसांतून सर्वत्र पसरलेली होती, हें सांगावयास नकोच.

१ जानेवारी १९०६ रोजीं हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. साडेब्याऐंशी अंश रेखांशाची ही वेळ मद्रासच्या वेळेच्याहि नऊ मिनिटें पुढें. चांदूर बाजारच्या सूर्याशीं घड्याळाचें अंतर आतां एकोणीस मिनिटें झालें. मुंबईचा फरक एकोणचाळीस मिनिटांचा, म्हणून मुंबईकरांनीं मोठा गिल्ला केला. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या शहरांत ‘मुंबई टाइम’ व ‘स्टँडर्ड टाइम’ अशा दोन वेळा नांदल्या. वऱ्हाडांत असा कांहीं विरोध झाला नाहीं. एकोणीस मिनिटांनीं शेतकऱ्याची वखरपाळी चुकत नाहीं आणि कापसाचा भावहि उतरत नाहीं. चुकते ती फक्त पत्रिका.

घड्याळ आणि सूर्य यांत आणखीहि एक भेद आहे, त्याला वेलांतर म्हणतात. नोव्हेंबरच्या आरंभीं सूर्य मध्यम काळाच्या सोळा मिनिटें पुढें असतो, फेब्रुवारीच्या मध्यास चौदा मिनिटें मागें. म्हणून चांदूर बाजारास खरें मध्यान्ह एकदां बारा वाजून तीन मिनिटांनीं होतें, तर एकदां बारा तेहतिसांना. ‘भर बाराच्या ठोक्याला जन्मला’ असें आजी अभिमानानें सांगते, तेव्हां सूर्य माथ्यावर आलेला नसतो.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र दुसऱ्या महायुद्धानें केला. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशांतील घड्याळें एक तास पुढें ढकललेलीं होतीं. युद्ध संपलें, घड्याळें मागें आलीं, आणि लोक तें विसरून गेले. त्या तीन वर्षांतल्या मुलांच्या जन्मवेळा मात्र घरच्या वह्यांतून तशाच राहिल्या. पुढें पंचवीस वर्षांनीं त्यांच्या लग्नाच्या वेळीं पत्रिका करावयास दिली, तेव्हां हा तास वजा करावयाचा हें किती जणांच्या लक्षांत राहिलें असेल?

वाचक म्हणतील कीं, या मिनिटांचें एवढें काय? तर हिशेबच करून पाहूं. एक राशि क्षितिजावर सरासरी दोन तास उगवत असते. एकोणीस मिनिटांची चूक झाली, तर साधारण सहांपैकीं एका मुलाचें लग्न चुकीच्या राशींत पडेल. युद्धकाळाचा तास विसरला, तर दोहोंपैकीं एकाचें. लग्न बदललें कीं बाराहि स्थानें सरकतात. आणि मंगळ लग्नीं, चतुर्थांत, सप्तमांत, अष्टमांत किंवा व्ययांत असला तर मुलगी मंगळाची, हा नियम तर घरोघरच्या बायकांनाहि पाठ असतो. म्हणजे कांहीं मुलींना मंगळ आला तो आकाशांतून नव्हे, तर स्टेशनच्या घड्याळांतून आला. आणि कांहींचा गेला तोहि तसाच. नकार देऊन परत पाठविलेल्या टिपणांत असे मंगळ किती होते, याची मोजदाद कोणीं ठेविली नाहीं. विंशोत्तरी महादशेचें गणितहि असेंच नाजूक आहे. चंद्र एक नक्षत्र सुमारें एका दिवसांत ओलांडतो, आणि शुक्राची महादशा वीस वर्षांची. तेव्हां एकोणीस मिनिटांच्या फरकानें दशेचा आरंभ तीन महिने इकडे तिकडे होतो. ‘अमुक महिन्यांत दशा पालटेल, मग नोकरी लागेल’ असें ज्याला सांगितलें, त्यानें तीन महिने कोणाच्या नांवानें बोटें मोडावींत?

वेळेचा तंटा असा चालूच होता. त्यांत पंचांगाच्या मुळाचा तंटा उभा राहिला. ग्रहलाघवाचें गणित आकाशाशीं जुळेनासें झालें, हें केरो लक्ष्मण छत्र्यांनीं गेल्याच्या मागल्या शतकांत दाखवून दिलें, आणि पुढें व्यंकटेश बापूजी केतकरांनीं नवें सूक्ष्म गणित सिद्ध केलें. ग्रह नव्या गणितानें घ्यावेत, इथपर्यंत शहाण्यांचें जमलें. पण राशिचक्राचा आरंभ कोठें धरावा? लोकमान्य टिळकांनीं रेवती नक्षत्रांतील एका ताऱ्याचा पक्ष उचलला. दुसरा पक्ष चित्रेच्या ताऱ्यावरून चक्र मोजणारा. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर. चार अंश म्हणजे नक्षत्राच्या तेरा अंश वीस कलांपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा. दोन पंचांगें पुढें ठेवलीं तर दहांपैकीं तिघांचें जन्मनक्षत्र निराळें निघेल, आणि नक्षत्र बदललें कीं गण, नाडी, छत्तीस गुणांचा मेळ सारेंच बदललें. १९५५ सालीं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीनें चित्रापक्षाला जवळचा असा अयनांश ठरवून दिला, आणि आज बहुतेक सर्वत्र तोच चालतो. एक सांगितलें पाहिजे कीं, ग्रहलाघवाच्या साध्या नियमानें, म्हणजे शकांतून ४४४ वजा करून साठांनीं भागून, जो अयनांश निघतो, तो या चित्रापक्षापासून एका अंशाच्या आंतच राहतो. जुना जोशी अडाणी होता असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां स्वतः करावा.

जन्मवेळेवर भविष्य टांगण्याचा हा उद्योग आपल्याच देशाचा आहे असेंहि नाहीं. ‘होरा’ हा शब्दच यवनांचा; ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ तास. अहोरात्र या शब्दाचीं टोकें छाटून होरा झाला, अशी एक व्युत्पत्ति वराहमिहिरानें नोंदली आहे, ती गोड आहे खरी, पण पटण्यासारखी नाहीं. ग्रीकांकडून आलेलें हें शास्त्र आपण पूर्वेस पाठविलें. आठव्या शतकांत गौतम सिद्ध नांवाचा भारतीय वंशाचा ज्योतिषी चीनच्या बादशहाच्या पदरीं होता, आणि त्यानें नवग्रहांचें गणित चिनी भाषेंत उतरविलें. आपले राहु व केतु चिनी ग्रंथांतून लुओहौ आणि जीदू या नांवांनीं अजून वावरतात.

पण चीनमध्यें लोकप्रिय झाली ती रीत निराळी. तिला बाझी म्हणतात, म्हणजे आठ अक्षरें. वर्ष, महिना, दिवस व वेळ या चार खांबांना प्रत्येकीं दोन अक्षरें. दहा ‘खोडें’ व बारा ‘फांद्या’ यांच्या जोड्यांतून साठांचें चक्र होतें, आणि त्यावरून भविष्य. थांग काळांतील ली शूचुंग आणि सुंग काळांतील शू त्झफिंग हे परंपरेनें तिचे आचार्य. गंमत अशी कीं, या पद्धतींत ग्रहांना स्थानच नाहीं; आकाशाकडे न बघतां नुसतें पंचांग मोजलें म्हणजे झालें. तरीहि वेळेच्या कचाट्यांतून ती सुटली नाहीं. चिनी दिवसाचे विभाग बारा, प्रत्येक दोन तासांचा. अगदीं आपल्या लग्नाएवढा. आणि १९४९ पासून तेवढ्या अफाट देशांत घड्याळ एकच, पेकिंगचें. सेचवानांतील चेंगडूचा सूर्य त्या वेळेच्या तासाभरानें मागें, उरुमचीचा दोन तासांनीं. म्हणून तिकडचे दक्ष ज्योतिषीहि जन्मवेळ स्थानिक सूर्यकाळांत बदलून घेतात. चांदूर बाजारचा जोशी आणि चेंगडूचा भविष्यवेत्ता यांची गांठ पडली तर एका गोष्टीवर दोघे तात्काळ एकमत होतील.

या साठांच्या चक्राचें बळ केवढें असतें, हें जपाननें दाखविलें. चीनकडून आलेल्या या गणनेंत ‘अग्नि-अश्व’ वर्षीं जन्मलेली मुलगी नवऱ्यास घातक, अशी तेथें समजूत आहे. आपल्या मंगळाच्या मुलीची ही सख्खी बहीणच. १९०६ हें तसलें वर्ष होतें, ज्या वर्षीं वऱ्हाडचीं घड्याळें बदललीं तेंच. १९६६ सालीं तें पुन्हा आलें, तेव्हां त्या यंत्रयुगांतल्या देशांत आदल्या वर्षापेक्षां जन्मच सुमारें चतुर्थांशानें कमी झाले. २०२६ हेंहि अग्नि-अश्वाचेंच वर्ष.

येथवर आपण ज्यांच्या जन्माची वेळ लिहिली गेली त्यांच्याविषयीं बोललों. वऱ्हाडांतील बहुसंख्य लोकांची ती कधीं लिहिलीच गेली नाहीं. पत्रिका असे ती भिक्षुकाच्या, देशमुख-पाटलाच्या, सावकाराच्या घरीं. इतरांसाठीं उलटा रस्ता होता. अवकहडा चक्रांत प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरें दिलेलीं आहेत. अश्विनीला चू, चे, चो, ला. नक्षत्रावरून नांव ठेवावें हा मूळ हेतु. वेळच ठाऊक नसेल तर नांवावरून नक्षत्र धरावें, ही पळवाट. आजीनें कौतुकानें ‘लहानू’ म्हटलें, आणि लग्नाच्या वेळीं मुलगा मेषेचा ठरला! बुलढाण्याकडे भेंडवळास अक्षय्य तृतीयेला घटाभोंवतीं धान्यें मांडून दुसऱ्या दिवशीं सकाळीं पीकपाण्याचें भाकीत करतात, त्याला तरी सबंध गांवाचें नशीब एकत्र असतें. कोणाच्या जन्मवेळेची तेथें गरज पडत नाहीं.

मात्र या बिनपत्रिकेच्या लोकांच्याहि जन्माचा एक कागद झाला, आणि तो इंग्रजी अमलांत झाला. गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी देई व तिची नोंद होई. ती वही म्हणजे कोतवाल बुक. तींत तारीख असते, बापाचें नांव असतें, मुलगा कीं मुलगी तें असतें, आणि जात असते. घटीपळांचा मागमूस नसतो. ती वही लिहिणाऱ्याच्या मनांत भविष्याचा विचार नव्हता; सरकारास देवी, पटकी आणि माणसें यांचा हिशेब हवा होता. पण आज विदर्भांतील शेंकडों कुटुंबें ‘कोतवाल बुकची नक्कल’ मिळविण्यासाठीं तहसिलींत खेटे घालतात, कारण जात पडताळणी समितीपुढें पणजोबांची ती एक ओळ दाखल झाली, तर मुलाला महाविद्यालयांत जागा मिळते, नोकरीचा मार्ग मोकळा होतो; न झाली तर अडतो. रेशमी पिशवींत जपलेल्या किती पत्रिकांनीं माणसाचें पुढलें आयुष्य इतकें खात्रीनें ठरविलें असेल, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहावें. शाईचा एक डाग, आडनांवांतला एक काना, यांवर तेथें सारें अडतें. दोन मिनिटांवर मंगळ अडावा तसेंच.

आतां कुंडली मांडावयास जोशी लागत नाहीं. भ्रमणध्वनींतील यंत्रणेला जन्माची तारीख, वेळ आणि गांव सांगितलें, कीं ती रेखांश, वेलांतर, अयनांश सारें क्षणांत लावते. चांगली असेल तर युद्धकाळाचा तासहि तिला पाठ असतो. गांवांच्या यादींत चांदूर बाजारच्या जागीं चुकून चांदूर रेल्वेवर बोट पडलें, तरी लग्न पाव अंशानेंच सरकेल. शस्त्रक्रियेनें प्रसूति होणार असेल, तर पुष्कळ घरांतून आधींच मुहूर्त काढून आणतात आणि डॉक्टरांस विनंति करतात. मौलाना चांदला जें दाराशीं उभें राहून इच्छावें लागलें, तें आतां तारखेच्या चिठीवर मिळतें. सरकारी जन्मदाखल्यावर मात्र अजून तारीखच असते, वेळ नसते. ती हवी असली तर प्रसूतिगृहांतील परिचारिकेला विचारावी लागते, आणि ती मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सांगते.